साच्याखालून ऐकलेलं

"रेडीमेड चेहरा आहे. फिरोजला वरून फारसं काही चढवायलाच नको."

हे माझ्याबद्दल चाललं होतं. माझ्यापासून दोन हातांवर. मला तोंड उघडता येत नव्हतं, डोळेही नाहीत. कपाळापासून हनुवटीखालपर्यंत चेहऱ्यावर गार लगदा, त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या. उघड्या फक्त नाकपुड्या. मी खुर्चीत ताठ, हात मांडीवर. जरासा ओठ हलला तरी साचा बिघडतो. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. इतरांना ते मीच सांगत आले होते.

मी काय काम करते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वाघोलीत नगर रस्त्यापासून आत गोदामांची रांग आहे. त्यातल्या एकात आमची कार्यशाळा होती. अंतराळावरची एक हिंदी मालिका तिथे तयार होत होती. यान, परके ग्रह, परके जीव. संगणकावर पुष्कळ होतं, पण सगळं नाही. जीवांची कातडी, दात, कान, हातांचे पंजे हे अजून माणसांनाच करावं लागतं. ते आम्ही करायचो. मी मूळची दातांच्या लॅबमधली. कवळ्या, कॅप, जबड्यांची मापं. दातांचं माप ज्या पावडरीत घेतात तीच पावडर नटाच्या चेहऱ्याचा साचा काढायला वापरतात, म्हणून मी इकडे आले. पावडर वजन करून घ्यायची, पाणी मोजून, पाणी किती गार तेही बघून. अंदाजाने केलेलं मला चालत नाही. घरी आमटीतही चालत नाही, त्यावरून घरचे वैतागतात.

कार्यशाळेत एक पद्धत होती. पावडरीचा नवा लॉट आला की तो आधी आपल्यातल्या कोणाच्या तरी चेहऱ्यावर घालून बघायचा. नटाच्या तोंडावर पुरळ आलं तर शूटिंग बुडतं. आमच्या तोंडावर आलं तर नुसतं पुरळ येतं. त्या दिवशी नवा लॉट आला होता. शंतनू सर स्वतः वरच्या केबिनमधून खाली आले. परक्या जीवांचं रूप कसं असावं ते ठरवणारे हे. तिशीतले, बाहेर शिकून आलेले, बोलायला अतिशय मऊ. म्हणाले, मावशी, आज तुमच्यावर टेस्ट करू या का? मी बसले.

मावशी. त्याबद्दलही सांगायला हवं. नायिकेची आई कधीकधी सेटवर यायची. साधारण माझ्याच वयाची. तिला ते काकू म्हणायचे. पुण्यात हा फरक कोणाला शिकवावा लागत नाही. भांडी घासायला येते ती मावशी, डबा आणून देते ती मावशी. समोरच्या बंगल्यातल्या त्या काकू. कार्यशाळेत पाऊल टाकल्या दिवसापासून मी मावशी होते. मला ते कळत होतं. मी बोलले नव्हते.

साच्याखालच्या माणसाशी कोणीतरी सतत बोलत राहायचं, ही पद्धत मात्र मी आणलेली. डोळे आणि तोंड बंद झालं की भलाभला घाबरतो. म्हणून त्याचा हात धरायचा, काय चाललंय ते सांगत राहायचं. अंगठा वर म्हणजे ठीक. पंजा वर म्हणजे ताबडतोब काढा. मालिकेच्या नायकाचा साचा घेतला तेव्हा त्याचा हात मी धरला होता. व्यायाम करून फुगवलेला तो दंड, पण बोटं थरथरत होती. मी त्याला कात्रजच्या सर्पोद्यानात आमची मुलगी काचेपलीकडच्या सापाला टाटा करत कशी उभी राहिली होती, ते सांगत बसले होते.

माझ्यापाशी कोणी बसलं नाही. आमचा शिल्पकार फिरोज पट्ट्या लावून हात धुवायला गेला. तेवढ्यात वैदेही मॅडमच्या चपलांचा आवाज आला. मालिकेची माणसं आणि खर्च त्यांच्या हातात.

इथे त्यांची एक चूक झाली. एरवी आम्ही मानेपर्यंत पूर्ण डोकं घेतो. तेव्हा कान बुजतात, आत नुसता घूं घूं आवाज राहतो. आमच्याकडे सगळ्यांना त्याचीच सवय. साच्याखालचा माणूस ऐकत नाही, हे धरूनच चालायचं. पण त्या दिवशी नुसता पुढचा भाग घेतला होता. केसांवर पातळ टोपी होती, कानांवरून ओढलेली. बघणाऱ्याला वाटावं कान झाकलेत. टोपीतून सगळं ऐकू येत होतं.

"हिचाच घ्यायचं ठरलं का?" वैदेही मॅडम म्हणाल्या.

त्यावर शंतनू सरांचं ते रेडीमेडचं वाक्य आलं. मग म्हणाले, "नाक बघा. हा जबडा बघा. तलवासी म्हटलं की मला हेच दिसत होतं. कितीतरी स्केचेस केली, शेवटी लक्षात आलं, आपल्या जेवणाच्या टेबलावरच बसलेत."

तलवासी म्हणजे मालिकेतले खालचे जीव. यानाच्या तळाशी राहतात. वरच्या माणसांची घाण, मैला, मेलेली यंत्रं साफ करतात. 

"सांगितलंय का तिला?"

"टेस्ट म्हणून सांगितलंय. आणि सांगून तरी काय. खूशच होईल हो, पडद्यावर आला चेहरा म्हणून."

"मॉबला, गर्दीच्या सीनला माणसं लागतील ती?"

"तिच्या वस्तीतून आणेल ती. सगळे साधारण असेच असतात की."

दोघं हसले. मोठ्याने नाही. चांगल्या घरातली माणसं हसतात तसं, नाकातून.

मी हडपसरला एका सोसायटीत राहते. वस्तीत राहत नाही. वस्तीत राहिले असते तरी त्या वाक्याने काही फरक पडत नाही. पण वस्ती हा शब्द त्यांनी पत्ता बघून वापरला नव्हता. चेहरा बघून वापरला होता.

पट्ट्या घट्ट व्हायला लागल्या होत्या. प्लास्टर आवळताना गरम होतं. त्याची ऊब गालांवर, आत लगदा गार. साच्याखाली रडता येत नाही. डोळ्याखाली पाणी साचलं तर तिथे खळगा पडतो. मी रडलेही नाही. छाती मात्र भात्यासारखी चालत होती आणि हवा यायला दोन भोकं. मांडीवरचा पंजा उचलायचा, इतकंच करायचं होतं. तो उचलला की पट्ट्या निघाल्या असत्या. तो जड झाला होता. कोणी पकडून ठेवलाय असा.

शंतनू सर वाकले. त्यांच्या अत्तराचा वास नाकपुडीत आला. जोरात म्हणाले, बहिऱ्याशी बोलावं तसं, "मावशी, ठीक ना?"

माझा अंगठा वर गेला.

हे मी परत परत आठवून बघितलं आहे. मी वर केला असं म्हणवत नाही. तो गेला. आईने, आजीने, सगळ्यांनी जन्मभर ज्यांच्यासमोर बरं जी केलं, त्यांच्यासमोर तो आपोआप गेला. 

फिरोज आला. साचा सुटा करायला पुढे वाकून तोंड वेडंवाकडं करायचं असतं, गाल फुगवायचे, भुवया उडवायच्या. मी ते केलं. सपकन सुटून साचा त्याच्या हातात आला. "एकदम क्लीन आलाय ताई," तो म्हणाला. त्याने नजर मात्र वर केली नाही. नळ दाराजवळच होता. त्याने शेवटचं ऐकलं होतं.

मी बेसिनवर तोंड धुतलं. आरशात बघितलं. पन्नाशीची बाई. नाक रुंद. जबडा रुंद. माझ्या आईचा. त्या सकाळपर्यंत तो माझा चेहरा होता. आता मी त्याच्याकडे त्यांच्यासारखी बघत होते. हे मला सगळ्यांत जास्त झोंबलं. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांत आले होते.

वरच्या केबिनमध्ये आम्ही खालचे सहसा जात नसू. मनाई नव्हती. जात नसू इतकंच. मी जिना चढून गेले. केबिन रिकामी होती, एसी चालू. भिंतीवर मोठा बोर्ड, त्यावर तलवासींसाठी जमवलेले फोटो आणि चित्रं.

माझे दोन फोटो होते. एक समोरून, एक बाजूने. जेवताना काढलेले. घास तोंडाशी, तोंड उघडं.

बाकीचे फोटो सफाई करणाऱ्या बायकांचे. विसर्जनानंतरची सकाळ असावी. रस्ताभर गुलाल, चपला, प्लास्टिक. बायका वाकलेल्या, लांब दांड्याचे झाडू. एक माणूस चेंबरमधून कमरेपर्यंत वर आलेला, अंग काळं. जागा मी लगेच ओळखली. नाना पेठेतला कोपरा. माझी आई तिथेच झाडायची. महापालिकेत कामाला होती, तिथल्याच कोठीवर तिची हजेरी लागायची. धूळ नाकात जाऊ नये म्हणून ती जुन्या साडीचा तुकडा कपाळावरून घेऊन नाकावरून मागे बांधायची, गाठ उजव्या कानामागे.

फोटोंशेजारी तलवासीचं रंगीत चित्र होतं. पाठीत वाकलेला. कातडी राखाडी, डोळे बारीक. डोक्याला आणि नाकाला फडकं. गाठ उजव्या कानामागे.

खाली आले तेव्हा साचा टेबलावर उताणा पडला होता, ओल्या फडक्याखाली. हा लगदा खरवसासारखा असतो. उघडा राहिला की सुकतो, आकसतो. म्हणून लगेच त्यात प्लास्टर भरायचं, म्हणजे पक्का चेहरा मिळतो. एकदा तो मिळाला की त्यावरून कितीही मुखवटे निघतात. भरायचं काम माझं होतं. फिरोजने प्लास्टरची पिशवी काढून ठेवली होती. "मी भरू का ताई?" त्याने हळूच विचारलं. "वाट बघतायत." मी म्हटलं, थांब. तो थांबला. त्याचं घर याच नोकरीवर चालतं, हे मला माहीत होतं. तरी थांबला.

शंतनू सर आणि वैदेही मॅडम आले.

"अजून भरला नाही? आकसेल तो, मावशी."

"आकसू द्या."

त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मी विचारलं, हा चेहरा कशासाठी घेतला. ते म्हणाले, टेस्ट. मी म्हटलं, "आज कान उघडे होते. मला सगळं ऐकू येत होतं."

शंतनू सरांचा चेहरा उतरला. एकदम लाल, मग पांढरा. वैदेही मॅडम सावरल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोवर कधी ठेवला नव्हता. "अहो, तुम्ही चुकीचा अर्थ घेतलात. कॅरेक्टर फेस म्हणतात त्याला. कौतुकच चाललं होतं तुमचं."

"मग तुमचा घ्या."

हात खांद्यावरून गेला.

आता शंतनू सर बोलायला लागले, आणि खरं सांगते, मनापासून बोलत होते. ही मालिकाच मुळी विषमतेविरुद्ध आहे, म्हणाले. तलवासी शेवटी बंड करतात. खरे हीरो तेच. हे मेटाफर आहे. बघणाऱ्यांना लाज वाटावी, म्हणूनच तर खरे चेहरे हवेत. "मावशी, आम्ही तुमच्याच बाजूने आहोत," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

मी विचारलं, "बंड करायला त्यांना कोण शिकवतं?"

मला उत्तर माहीत होतं. कप्तानाचा मुलगा तळाशी उतरतो आणि त्यांना जागं करतो. ज्याची बोटं मी धरून बसले होते तो नायक. गोरापान.

मग मी पुढचं विचारलं.

"तलवासी काय बोलतात?"

"ते... त्यांना भाषा नाहीये. ते आवाज काढतात. पण त्यातच तर वेदना..."

मी फडकं काढलं. साचा दोन्ही हातांत घेतला. आत माझा चेहरा उलटा होता, नाकाच्या जागी खड्डा. मी पट्ट्यांच्या कवचातून लगदा ओढून काढला आणि मधोमध फाडला. त्याला जोर लागत नाही. फाटतानाही त्याचा आवाज होत नाही. तुकडे बादलीत टाकले.

"हे प्रॉडक्शनचं मटेरियल आहे," वैदेही मॅडम म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खरा होता. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?"

"कळतंय. आणि मला मावशी म्हणू नका. मी तुमची मावशी नाही."

पिशवी उचलली आणि निघाले. स्कूटरची किल्ली लागेना. उद्यापासून येऊ नका, हे त्यांनी मला फोनवर कळवलं. माझ्यासमोर म्हणायला कोणी बाहेर आलं नाही.

घरी मिस्टर म्हणाले, सांगून सोडायचं होतंस, फाडायला नको होतंस. ते हडपसरच्या कारखान्यात सुपरवायझर होते, त्यांना माल वाया गेलेला सोसत नाही. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि त्यांना म्हणाली, "बाबा, माल तिचं तोंड होतं." ते उठून गॅलरीत गेले. परत आले तेव्हा चहा करून आणला. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

पुढच्या आठवड्यात फिरोजचा फोन आला. म्हणाला, "ताई, फोटोवरून करायला सांगतायत. तुमच्या फोटोवरून, मातीत. मॉबसाठी पेठेतल्या बायकांना विचारायला कोणीतरी जाणार आहे." तू काय म्हणालास, असं मी विचारलं. तो म्हणाला, अजून काही नाही. हात दुखतोय असं सांगून पट्टी बांधून बसलोय.

म्हणजे साचा फाडून मी फक्त लगदा फाडला होता. माझा चेहरा अजून त्यांच्या भिंतीवर होता, तोंड उघडं, घास हातात. आणि त्याच्या बाजूला माझ्या आईच्या कोठीवरच्या बायका. त्यांना तर कोणी खोटं सांगायचीही तसदी घेतली नव्हती.

मी नाना पेठेत त्या कोठीवर गेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण दोघीतिघी तिला ओळखणाऱ्या निघाल्या. काम उरकून बायका सावलीत टेकल्या होत्या. मी सगळं सांगितलं. बोर्ड, फोटो, फडकं, गाठ. साच्याखाली काय ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं.

आधी कोणी चिडलंच नाही. एक तरुण पोरगी म्हणाली, "मॉबचे पैसे बरे देत असतील की." दुसरी म्हणाली, "तोंडावर मुखवटा असल्यावर आपण कुठं ओळखू येतोय?"

मी म्हटलं, "मुखवटा काढून आपण घरी येऊ. बघणाऱ्यांच्या डोळ्यांवरून तो निघणार नाही. सकाळी तू झाडायला लागलीस की त्यांना तलवासीच दिसेल."

ती फडकं सोडून मांडीवर घडी घालत बसली.

शकुंतलाअक्का त्यांच्यात वडील. एक वर्षाने रिटायर होणार. आईच्या हाताखाली कामाला लागलेल्या. तोवर चहात पाव बुडवून खात होत्या. त्यांनी विचारलं, "भाषा न्हाई म्हनला?"

"हो."

"आमाला?"

"हो अक्का."

"त्याला म्हनावं, एक दिवस पाच वाजता कोठीवर ये. एका झाडूवरनं भांडान लागू दे. कान धरून पळंल मुंबैला."

सगळ्या हसल्या. मीही. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. पण अक्का हसल्या नाहीत. पाव संपवला, हात झाडले आणि विचारलं, "हाय कुठं ते तुझं वाघोलीचं गोदाम?"

कोठीला येती सुट्टी असेल त्या दिवशी आम्ही जाणार आहोत, कार्यशाळा तेव्हा चालू असते. अक्का, ती तरुण पोरगी, आणखी ज्या येतील त्या. फिरोज म्हणाला, मी आतून दार उघडतो. त्याला मी दोनदा विचारलं, तुझं काय होईल. तो म्हणाला, ते माझं मी बघतो.

आम्ही जिना चढून वर जाणार. ज्या बाईचा फोटो आहे ती तो आपल्या हाताने उतरवणार. चेंबरमधल्या माणसाचा पत्ता आम्ही शोधतो आहोत. मिळाला नाही तर त्याचा फोटो अक्का उतरवतील. मग तलवासींची गोष्ट आम्हाला वाचून दाखवा, असं सांगणार. पहिल्या पानापासून. आमच्यासारखे चेहरे हवे असतील तर त्यांना बोलणं द्यावं लागेल, आणि ते बोलणं कसं असेल ते आम्ही सांगू. हे मान्य नसेल तर तो जीव मालिकेतून काढा. तेही करणार नसाल तर शूटिंगच्या प्रत्येक दिवशी आम्ही दारात असू, येणाऱ्या प्रत्येक मॉबवाल्याला आत काय आहे ते सांगायला.

ते पोलिसांना बोलावतील. बोलावू देत. वकिलाला विचारून ठेवलं आहे. फोटो न विचारता काढले, हे सांगायला आम्ही सगळ्या तिथे असू.

या धंद्यात मला पुन्हा काम मिळेल की नाही, माहीत नाही. मिळालं तर एक गोष्ट आधी विचारीन, मगच पावडरीला हात लावीन. हा कोण आहे, आणि तो काय बोलतो? काही बोलत नाही म्हणाले, तर त्याला माझ्या हातून चेहरा मिळणार नाही.